दीड किलोच्या दांड्यावर सहा किलोचा कॅमेरा

लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडं किस्से फार साठतात. कॅसेट पुसून परत वापरता येते, किस्सा काय पुसता येत नाही! कोल्हापुरातल्या आमच्या स्टुडिओत आम्ही दोघंच. दुकान अण्णांचं, आणि मी मिलिंद, त्यांच्या हाताखाली शिकून पुढं भागीदार झालेला. जुने मित्र भेटले की विषय फिरून फिरून आमच्या एका दांड्यावर येतोच.

*

दोन हजार साल उलटून गेलेलं. अण्णांचा उजवा हात थरथरायला लागला. चहा पिताना बशी खुळखुळायची, कॅमेरा खांद्यावर घेतला तरी चित्र हलायचं. लोक अण्णांच्या समोरच मला सांगायचे, "मिलिंदराव, तुमीच या. अण्णांना कशाला तरास!" अण्णा फडकं घेऊन लेन्स पुसत बसायचे.

त्याच दिवसांत मला मुंबईत एक स्वस्तातला स्टॅबिलायझर मिळाला. म्हणजे एक दांडा. वर कॅमेरा, तळाला वजन, आणि मधे मुठीवर सगळीकडं फिरणारा सांधा. मूठ हलली तरी कॅमेरा हलत नाही! फक्त तो होता तळहाताएवढ्या घरगुती कॅमेऱ्यासाठी. डब्यावर स्पष्ट लिहिलेलं, दीड किलो. आमचा कॅमेरा बॅटरी-लाइटसकट सहा किलो.

"चढव," अण्णा म्हणाले.

रंकाळ्यावर चाचणी घेतली. दहा पावलं गेलो आणि प्लास्टिकचा सांधा काडकन मोडला! कॅमेरा मी पोटावर झेलला आणि तसाच खाली बसलो. अण्णा धावत आले. आधी कॅमेरा चारी बाजूंनी बघितला, मग माझ्याकडं वळले.

"तुला काय झालं न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"मग ऊठ. उद्यमनगरात जायचंय!"

*

उद्यमनगरात सुमनवैनींचं लेथचं दुकान. नवरा गेल्यावर बाईंनी मशीन विकलं नाही, स्वतःच चालवायला घेतलं. मी त्यांना अण्णांचा हात, लग्नाचा सीझन, मोडलेला सांधा, सगळं रामायण सांगायला लागलो. वैनींनी मशीन बंदसुद्धा केलं नाही.

"मिलिंदभाऊ, माप सांगा. गोष्ट नगो!"

आठ दिवसांत प्लास्टिकच्या जागी स्टीलची रिंग आली, रिंगेत बेरिंग बसलं, बारक्या नळीच्या जागी जाड पाइप आला, तळाला लोखंडी चकत्या लागल्या. कॅमेरा कसाही ढकला, झुलून परत सरळ! पण सगळं मिळून वजन गेलं दहा किलोच्या वर. तीन मिनिटांत माझा हात गळाला.

"वैनी, हे धरायचं कुणी?"

"तुमी तोल मागितला की वो. ताकद कुठं मागितली?"

*

ताकदीचा प्रश्न अण्णांनी सोडवला. जोतिबाच्या यात्रेत गुलालानं माखलेली एवढी उंच सासनकाठी नाचवणारा गडी ती काय नुसत्या हातावर पेलत नाही, कमरेवर पेलतो. अण्णांना हे आठवलं आणि ते थेट कोल्हापुरी चपला शिवणाऱ्यांच्या चप्पल लाईनीत गेले. रुंद चामडी पट्टा शिवून घेतला, पुढं नळी बसायला खोबण. नळीत वैनींनी स्कूटरच्या सीटची स्प्रिंग घातली आणि त्यावर आमचा दांडा.

पट्टा शिवणाऱ्या कारागिरानं विचारलं होतं, "कुठल्या गावची काठी?"

"काठी न्हाय, कॅमेरा हाय."

माप घेता घेता त्यानं मान वर केली. "आणि मग गुलाल कशावर टाकायचा?"

*

पहिलं काम मुद्दाम लांबचं घेतलं, काजूच्या मुलखातलं, चंदगडचं. फजिती झालीच तर कोल्हापुरात बोभाटा नको! अण्णा पट्टा बांधून मांडवात शिरले. खाली चकत्या डुलताहेत, वर कॅमेरा. एक म्हातारी बराच वेळ निरखत होती. शेवटी जवळ आली.

"पावणं, काजू तोलून घेताय व्हय? आमचीबी दोन पोती हायत."

"आजी, काजू न्हाय, तुमालाच तोलाय आलोय. जरा हसा बगू!"

म्हातारी तोंडाला पदर न लावता हसली. अख्ख्या लग्नात तसा शॉट दुसरा नाही.

*

वारणानगरच्या लग्नात नवऱ्यामुलाचे मामा मास्तर होते. त्यांनी मला आधीच बजावलेलं, "अण्णा नगोत." मी "बरं" म्हणालो, आणि लग्नात लाइट मी धरला, कॅमेरा अण्णांनी. पाहुण्यांच्या गर्दीत मास्तरांना कुठलं बघायला सवड!

पंधरा दिवसांनी आम्ही दोघांनी त्यांच्या घरी जाऊन कॅसेट लावली. मास्तर खूश. "मिलिंदराव, हात हाय का काय! पाण्यावरनं नाव जावी तसं चित्र जातंय!"

तेवढ्यात अण्णांनी चहा उचलला. बशी खुळखुळली. मास्तरांनी बशीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. माझी मान खाली.

"अण्णा... हे तुमी काढलंय?"

अण्णांनी शांतपणे चहा संपवला.

"साखर जरा कमी हाय," म्हणाले.

त्यानंतरच्या सगळ्या सीझनला लोक माझ्यासमोर सांगायचे, "अण्णा, तुमीच या!"

*

सुमनवैनींच्या लेकीचं, ललिताचं, लग्न मलकापूरला झालं, विहारात. वैनींची अट एकच, "कॅमेरा अण्णांनी धरायचा."

विहाराला पंधरा-वीस पायऱ्या, शेवाळलेल्या. पाठवणीला ललिता आईचा हात धरून उतरणार, आणि तिच्या तोंडासमोर अण्णा उलट्या पावलांनी उतरणार. साठी ओलांडलेला माणूस, कमरेवर दहा किलो! मी खालून त्यांचा पट्टा धरलेला. "पायरी... पायरी... अण्णा, शेवटची... आता सपाट." विहाराच्या दारापासून जीपच्या दारापर्यंत अण्णांनी एकदाही कट केला नाही. जीप वळणाआड गेली तेव्हाच कॅमेरा थांबला. पट्टा सोडला तेव्हा अण्णांच्या तोंडभर हसू.

आठ दिवसांनी वैनी दुकानात आल्या. कॅसेट लावली. ललिता रडतेय, वैनी तिच्या केसातलं फूल नीट करताहेत, एकेक पायरी खाली येताहेत आणि चित्र केसभरही हलत नाही. वैनींच्या डोळ्यांना धार लागलेली.

"बंद करू का वैनी?"

"नगो. मागं घ्या. त्या पायऱ्या परत बगू द्या."

मागं घेतलं. परत सगळं बघितलं. मग वैनींनी पदरानं डोळे पुसले आणि अण्णांकडं वळल्या.

"अण्णा, बेरिंग लई झकास बसलंय!"