पत्र्याच्या खोलीची कायमची लाइन

माझ्या थोरल्या साडूंनी एकदा मनावर घेतलं, तर ते पृथ्वीसुद्धा दोरी लावून सरळ करून घेतील, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. अजून त्यांचं तिच्याकडे लक्ष गेलेलं नाही, एवढंच. आयुष्यभर मोजणी खात्यात लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या, आणि निवृत्त होऊन अहमदपुरात घर बांधल्यावर मोजायला शेतं उरली नाहीत, म्हणून बाकीचं सगळं मोजायला घेतलं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक वेळ पेन नसेल, पण टेप असतो. लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आत मांडवाचे खांब ओळंब्यात आहेत का ते बघून येतात. आम्ही नांदेडला घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला आले, तीर्थासाठी पुढे केलेला हात तसाच ठेवून भिंतीकडे बघत राहिले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "पावणे, ही भिंत पाऊन इंच गेलीय. आधी जेवून घ्या, मग दावतो कुठं ते." जेवणानंतर दाखवलंही. तेव्हापासून मी त्या भिंतीकडे पाठ करून झोपतो.

अशा माणसाच्या स्वतःच्या परसात एक वायर अकरा वर्षं तात्पुरती लोंबकळत होती, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. परसात पेरूच्या झाडाखाली एक पत्र्याची खोली आहे. मुळात ती कुदळी-फावडी आणि जुनी सायकल ठेवायला होती. पण आक्कांनी, म्हणजे साडूंच्या बायकोने, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, एक दिवस सायकल बाहेर काढली आणि शिलाई मशीन आत नेलं. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज, फॉल-पिको, पोरांचे शाळेचे गणवेश, सगळं तिथे शिवलं जायचं. घरात पै-पाहुण्यांचा राबता. त्या खोलीत मात्र आक्कांचं राज्य. मशीनला मोटर बसली तेव्हा साडूंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक वायर काढली, पेरूच्या फांदीवरून नेली, पत्र्याच्या कडेवरून आत सोडली आणि सुतळीने बांधली. म्हणाले, "सध्या चालू दे. निवांत मोजून कायमची लाइन टाकू." पण तो निवांतपणा काही आला नाही. जगात वाकडं फार होतं, आणि त्या सगळ्याकडे त्यांनाच बघायचं होतं.

इकडे वारा सुटला की ती वायर पत्र्याच्या कडेवर घासत राहायची. तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात एका सकाळी आक्का भांडी घासून ओल्या हातानेच खोलीचं दार ओढायला गेल्या, आणि विजेने त्यांना उचलून पेरूच्या बुंध्याशी टाकलं. जीव वाचला, हाताच्या मुंग्या महिन्याभराने गेल्या. पण आक्कांनी त्या खोलीत पाऊल टाकायचं सोडलं. गिऱ्हाइकांची कापडं परत गेली. दुपारभर त्या ओट्यावर रिकामे हात मांडीवर ठेवून बसायला लागल्या. माझ्या बायकोने खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पत्रा बघितला की हात मागं येतो गं. न्हाई होनार आता." साडूंनी ती वायर स्वतः तोडली, गुंडाळली आणि देवघरातल्या खुंटीला टांगली. पूजेला बसलं की ती बरोबर डोळ्यांसमोर यायची.

घरापासून ती खोली मोजून एकतीस पावलं. कुठल्याही वायरमनने एका दिवसात वीज नेऊन दिली असती. साडूंना चार महिने लागले. आधी नकाशा झाला. मग तिन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना लेखी कळवलं गेलं, की परसात खोदकाम होणार असून हरकत असल्यास पंधरा दिवसांत सांगावी. खोदकाम सगळं स्वतःच्याच हद्दीत. पण पलीकडच्या काकूंनी घाबरून वकील गाठला. मग दोरी लावून अडीच फूट खोल चर साडूंनी स्वतः खणला. तळाला वाळू, तीसुद्धा आक्कांच्या रव्याच्या चाळणीने चाळलेली. वाळूवर लोखंडी कवचाची जाडजूड केबल, तिच्यावर पुन्हा वाळू आणि वर विटांची ओळ, का तर पुढेमागे कुणी कुदळ मारलीच तर आधी विटेला लागावी. चर बुजवून वर दर पाच फुटांवर हद्दीचे दगड रोवले. नकाशाची एक प्रत मलाही पोस्टाने आली. मी नांदेडहून येऊन त्यांच्या परसात कुदळ मारण्याचा धोका त्यांना वाटत असावा.

जोडण्यांसाठी मुखेडहून एक नावाजलेला वायरमन बोलावला होता. पहिल्या दिवशी तो हसून म्हणाला, "साहेब, हे घरचं काम हाय का गावाचं?" साडू म्हणाले, "उद्या तुजी बायको ओल्या हातानं ह्या पत्र्याला धरनार असती, तर कसं केलं असतंस? तसं कर." तिसऱ्या दिवशी मी गेलो तर वायरमन चपला बाहेर काढून खोलीत शिरत होता. त्याने आत वेगळा बोर्ड बसवला, वीज जरा कुठे गळाली की पापणी लवायच्या आत बंद होणारा स्विच बसवला, आणि खोलीमागे खड्डा करून कोळसा-मीठ घालून अर्थिंग केलं. जाताना साडूंना म्हणाला, "ह्याला रोज पानी घालत जा. सुकू देऊ नका."

लाइन चालू करायच्या दिवशी नारळ फुटला, गल्ली गोळा झाली. मीही चार गमती गोळा करून मित्रांना सांगाव्या म्हणून पहिल्या एस.टी.ने आलो होतो. आक्का स्वयंपाकघराच्या दारातून पुढे येईनात. "लई चांगलं झालं," त्या म्हणाल्या, "पन मी येनार न्हाई." साडूंनी लाइन चालू केली, एक बादली पाणी धोतरासकट अंगावर ओतून घेतलं, अनवाणी चिखलात उभे राहिले आणि दोन्ही तळवे पत्र्याला लावले. म्हणाले, "मी धरून हाय. तू म्हनशील तवर." लोक आधी हसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली, तसे हसायचे थांबले. शेवटी आक्का म्हणाल्या, "सोडा आता. सर्दी हुईल." साडू म्हणाले, "तू ये." आणि आक्का आल्या. आधी एक बोट लावलं, मग सगळा हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मित्रांना सांगायच्या गमती तिथेच राहिल्या.

तेव्हापासून साडूंचा नेम चुकलेला नाही. आंघोळ झाली की अर्थिंगला तांब्याभर पाणी. उन्हाळ्यात टँकर लांबला तर स्वतः अर्ध्या बादलीत भागवतात, पण तो तांब्या चुकत नाही. मग ओला तळवा पत्र्याला लावून बघतात, आक्कांना "ये" म्हणतात आणि ओट्यावर चहा घेऊन बसतात. आतून मशीनचा आवाज आला की मगच पहिला घोट. मी एकदा म्हटलं, "अण्णा, हात कशाला लावता? टेस्टर आहे की." ते म्हणाले, "टेस्टरला बायको नसती, पावणे."

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा बायकोने आक्कांसाठी खणाचं कापड दिलं होतं. मशीन चालू होतं, म्हणून सरळ खोलीत गेलो. आक्का जाड भिंगांचा चष्मा लावून खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मशीन जोरात चाललं होतं, पण सुईखाली कापड नव्हतं. सुईत दोराही नव्हता.

"दोरा ओवायला दिसत न्हाई," आक्का हळू आवाजात म्हणाल्या. "वरीस झालं. त्यास्नी सांगू नका."

"मग हे?"

"आवाज आला न्हाई तर चहा घेत न्हाईत ते."

बाहेर ओट्यावर कपबशी खाली ठेवल्याचा आवाज झाला. आक्कांनी मशीनवरचा पाय उचलला आणि माझ्या हातातलं कापड घेऊन, चाचपून, मांडीवर ठेवलं.