पाड्यावर न उघडलेला नकाशा

ऑफिसात नकाशा उघडायचा, पाड्यावर उघडायचा नाही. भानगड एवढीच. तिच्यापायी एका बाईची जमीन अडकली.

तलासरीत आमच्या संघटनेची खोली होती. तिथली इंटरनेटची लाइन एका जुन्या कॉम्प्युटरमधून, छपरावरच्या अँटेनाने, वेवजीकडच्या एका पाड्यावरच्या समाजमंदिरात नेली होती. वनहक्काच्या दाव्यांचे उपग्रहाचे नकाशे ऑनलाइन आले होते. ते ग्रामसभेतच, सगळ्यांसमोर उघडायचे, हा आमचा हट्ट. वनखात्याच्या साहेबांचा छापील नकाशा आम्हीच नाकारला होता. छापताना काय गाळतील, कोणी सांगावं?

पाड्यावर मेसेज येत-जात. नकाशाच्या जागी मात्र राखाडी चौकोन. इंटरनेट कंपनीचा माणूस आला. आमच्या कॉम्प्युटरवर त्याने तोच नकाशा झटकन उघडला.

"ताई, पळतंय की!"

"इथे पळतंय. पाड्यावर का मरतंय?"

"माझी लाइन इथपर्यंतच. पुढचं तुमचं."

मी भडकले. पत्रक काढलं, 'पाड्याचं नेट कोण अडवतंय?' चारोटीच्या नाक्यावर वाटलं. लोकांनी त्यात भजी गुंडाळली.

ग्रामसभेला आत्या सगळ्यांत पुढे बसली. सगळा पाडा तिला आत्याच म्हणायचा. उतारावर तिचं भात आणि नागली. तो तुकडा नकाशात जंगल दाखवलाय, असं तिच्या कानावर आलं होतं. पडद्यावर राखाडी चौकोन.

"आभाळ आलंय वाटतं त्याच्यात," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. आत्या नाही हसली.

साहेब म्हणाले, "हरकत आजच घ्यायची आहे. काय चुकलं ते नकाशावर दाखवा."

"नकाशाच दिसत नाही, साहेब."

"मी छापून आणत होतो. नको कोण म्हणालं?"

'कोणाची हरकत नाही' असं लिहून ते गाडीत बसले.

नंतर डहाणूचा एक मित्र आला. चिकूच्या वाडीवाल्याचा मुलगा, म्हणून आम्ही त्याला शेठ म्हणून चिडवायचो. नेटवर्कचं काम करायचा. कॉम्प्युटर बघून तो आधी हसला. म्हणाला, "तुमच्या नेटवर्क कार्डाला फार अक्कल आहे. बाहेरून येणारी माहितीची छोटी पॅकेटं ते एकत्र बांधतं, कॉम्प्युटरचे कष्ट वाचावेत म्हणून. माल घरीच खायचा असेल तर मस्त. पण तुम्ही तो पुढे पाठवताय. चिकूच्या चार पेट्यांची एक पेटी केली, ती टेम्पोच्या दारातून जाईना, म्हणून टाकून दिली. मेसेज म्हणजे सुटी पेटी, ती जाते. नकाशा अडकतो."

म्हणजे अडवणारं आमच्याच टेबलाखाली होतं. कुठलं सरकार नाही, कुठली कंपनी नाही. मोर्चा कुणावर काढू? ते बांधणं त्याने एका सेटिंगने बंद केलं.

मी पाड्यावर गेले. नकाशा भराभर उघडला. आत्याचा उतार सापडला. फोटो पावसाळ्यातला, उभं भात आणि मागचं रान, एकच हिरवं.

"हे माझं शेत?"

"हो, आत्या."

तिने पडद्यावर बोट ठेवून बांध कुठून कुठे जातो ते दाखवलं. सगळं नीट, सावकाश.

"आता लिहायला सांग साहेबाला."

मी साहेबांकडे जाऊन आले होते. सभा झाली, हरकत नव्हती, आता काही लिहिता येणार नाही, म्हणाले. ते मी तिला अजून सांगितलं नव्हतं. तिचं बोट अजून पडद्यावरच होतं.