पदरचा शब्द

कॅरियाकू बेटावरच्या विंडवर्ड गावात युलालिया, सगळ्यांची टँटी म्हणजे मावशी, नऊ वर्षं रोज पहाटे साडेपाचला वायरलेसवर समुद्राचं हवामान वाचायची. पत्रक राजधानीहून फोनवर यायचं, ती ते कागदावर उतरवून घ्यायची. वारा किती, लाट किती फूट, ढग कुठे, बस्स. पदरचा एक शब्द घालायचा नाही, हा तिचा नेम. कोळी चिडवायचे, "टँटी, तुझ्या आवाजाने मासेसुद्धा पेंगतात गं!"

"मग पेंगलेले तरी पकडा, मेल्यांनो."

खरं तर समुद्र तिला पत्रकापेक्षा जास्त कळायचा. वादळाच्या महिन्यांत ती खिडकीत घड्याळ घेऊन बसायची आणि खडकावर फुटणाऱ्या दोन लाटांमधला वेळ मोजायची. रोजच्या वाऱ्याची लाट सात सेकंदांनी येते. तेरा-चौदा झाले की समजायचं, लांब कुठेतरी मोठं काही शिजतंय.

ऑगस्टात एकदा चौदा झाले. पत्रक म्हणत होतं, समुद्र शांत. तिला राहवेना. "माझं ऐका, आज जाऊ नका," असं बोलून बसली. अठराच्या अठरा होड्या किनाऱ्यावर राहिल्या आणि वादळ गेलं पार उत्तरेला. दिवसभर लख्ख ऊन. शेजारच्या बेटावरच्यांनी होड्या भरभरून टुना आणला. मग काय विचारता! चेष्टा करण्यात तिचा नवरा क्लीओफस सगळ्यांच्या पुढे. जेवताना म्हणाला, "वाढ गं अजून मासा. अरे हो, नाहीच की! हवामान खराब होतं ना आज." युलालियाने त्याचं ताट उचलून आत नेलं.

सप्टेंबरात एके दिवशी होड्या बाहेर पडल्यावर नऊच्या सुमारास नवं पत्रक आलं: वादळ उत्तरेला सरकण्याची शक्यता, लहान होड्यांनी सावध राहावं. तिने लाट मोजली. चौदा. पण या खेपेस ती थेट पूर्वेकडून येत होती, आणि नेहमीचा पूर्वेचा वारा पडून उत्तरेकडून झुळका सुटल्या होत्या. म्हणजे वादळ सरळ बेटावरच चालून येत होतं. तिने वायरलेसचं बटण दाबलं. "सगळ्यांनी परत फिरा. दुपारनंतर वादळ बेटावर येतंय."

 होडीवरून क्लीओफसचा आवाज आला, "पत्रकातलं वाचतेयस की पदरचं?"

नुसतं 'सावध राहा' म्हटल्याने एकही होडी वळली नसती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"पत्रकातलं," ती म्हणाली.

तीनला वादळ आलं. निम्म्या गावाची छपरं उडाली, पण होड्या खारफुटीच्या आत दोरांनी जखडलेल्या होत्या आणि माणसं जमिनीवर. दुसऱ्या दिवशी भिजलेलं सामान वाळत घालताना नऊचं पत्रक उतरवलेला तो कागद क्लीओफसच्या हाती लागला. त्याने दोनदा वाचला. मग तोही वाळत घातला. खोटं पचेना ते तिलाच. उद्या खरंच पत्रकातलं वाचलं, तर लोकांनी ते कशाच्या भरवशावर मानायचं?

वायरलेस आठवड्याने सुरू झाला. साडेपाचला ती म्हणाली, "त्या दिवशीचं पत्रकातलं नव्हतं. मी खोटं बोलले. आजपासून वाचायला दुसरं कुणी बघा." आणि तिला रडूच फुटलं.

"रड नंतर," क्लीओफस होडीवरून म्हणाला. "आधी पत्रक काय म्हणतं ते वाच. मग तू काय म्हणतेस ते सांग. वेगवेगळं सांग म्हणजे झालं. आवर लवकर, सगळे खोळंबलेत."