इनासची मरून जर्सी

इनासला त्याच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाची जर्सी घालून पुरायचं होतं. मी कतारची पाठवली.

हे असं एका दमात लिहून टाकलं, कारण आडवळणानं सांगायला गेलो की मी हळूच स्वतःला सोडवून घेतो. जुनी सवय. इनास वसईचा, मी सांगलीचा. बायका-मुलांना गावी ठेवून दोह्यात नोकरी करणारे आम्ही दोघं अल नस्र भागातल्या एका फ्लॅटमध्ये बारा वर्षं राहिलो. दीड महिन्यापूर्वी एका सकाळी इंडस्ट्रियल एरियातल्या त्याच्या वेअरहाउसमधून फोन आला की इनास खुर्चीतच कलंडला, हॉस्पिटल गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. पुढचे दोन दिवस शिक्के, सह्या आणि विमानात जागा मिळवण्यात गेले. त्यातच वसईहून त्याच्या बायकोचा, फिलोमिना वहिनींचा फोन आला. रडत नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "भावजी, त्यांना त्यांची मरून जर्सी घाला. दुसरं काय नको." दारात कंपनीचा माणूस गाडीची किल्ली वाजवत उभा होता. "यल्ला भाई, कपडा दो, देर हो रहा है." मी त्याचं कपाट उघडलं. वरच्याच खणात मरून जर्सी, घडी न मोडलेली, छातीवर पांढरी करवतीसारखी कड. दिली काढून. पस्तीस वर्षांपूर्वीची जर्सी इतकी कोरी कशी, हा प्रश्न कुठल्याही शाळकरी पोराला पडला असता... मला पडला नाही. कतारच्या नॅशनल डेला कंपनीनं सगळ्यांना वाटलेली, त्यांच्या झेंड्याच्या रंगाची होती ती. माझ्या कंपनीनं मलाही दिली होती. माझ्या कपाटात आहे.

इनास कॉलेजच्या संघात कधीच खेळला नाही. पण कॉलेज सोडून पस्तीस वर्षं झाली तरी यंदा डाव्या बगलेला कोण आहे, गोलकीपरचा गुडघा बरा झाला का, हे त्याला ठाऊक असायचं. शुक्रवारी आम्हाला सुट्टी. मॅच असली की दुपारी तो मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायचा. तिकडं मैदानाच्या कडेला उभं राहून कुणीतरी आपल्या फोनवरून मॅच दाखवत असे आणि त्यात अर्धा वेळ कुणाची तरी पाठच दिसे. इनास त्या पाठीवरही ओरडायचा, "अरे बाजूला हो ना बाबा, कॉर्नर आहे!" हातात झारा, खांद्यावर फडकं, कढईत बोंबील. गोल झाला की झारा कढईवर बडवायचा. मग खालच्या मजल्यावरचा इजिप्तचा शेजारी जिन्यातून हाक मारायचा, "वसई?" आणि मी? मी जेवत असायचो. बोंबील गरम असतानाच खायचे असतात, या मतावर मी पहिल्यापासून ठाम.

फायनलची एक गोष्ट तो दर सीझनला सांगायचा. कॅप्टनला ताप आला होता, माणसं कमी पडत होती, म्हणून प्रॅक्टिसला बॉल गोळा करून आणणाऱ्या इनासला कुणीतरी जर्सी दिली आणि बाकावर नेऊन बसवलं... इथवर मला तोंडपाठ आहे. इथं पोचला की मी म्हणायचो, "इनास, बोंबील करपतायत." तो गॅसकडं धावायचा आणि गोष्ट तिथंच राहायची. हे मी इतक्या वेळा केलं की नंतर नंतर गोष्ट बाकापर्यंत आली की तो स्वतःच कढईकडं बघायला लागला.

वर्ल्ड कप दोह्यात आला तेव्हा आम्हाला एका दुपारच्या मॅचची तिकिटं लागली. इनास कॉलेजची ती जुनी जर्सी श्वास रोखून पोटावर चढवून आला, वरून शर्ट, बटणं सोडलेली. समोर जगातले नावाजलेले खेळाडू पळत होते आणि हा मांडीवर मोबाईल ठेवून आंतरकॉलेज सामना बघत होता. अख्खं स्टेडियम गप्प असताना एकटाच उठून "गोऽऽल!" शेजारचा पांढऱ्या झग्यातला कतारी म्हातारा दचकला, मग शर्टाच्या आतला रंग बघून खूश झाला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "कतर! कतर!" इनासनं सावकाश मान हलवली. "नो अंकल. वसई." मी पोट धरधरून हसलो. त्या म्हाताऱ्याला हसलो! त्यानं निदान जर्सीकडं बघितलं तरी होतं. माझ्या डोक्यात उरलं ते एवढंच, की इनासची जर्सी कतारसारखी दिसते.

वसईला शवपेटी उघडली तेव्हा अंगणात जुना संघ उभा होता. टकलं, सुटलेली पोटं, प्रत्येकाच्या गळ्यात मरून मफलर. वहिनींनी फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "भावजी, हे काय?" मी फोटो मोठा करून बघितला आणि ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन कडी लावून बसलो. बदलायला वेळ नव्हता, शरीरही तसं राहिलं नव्हतं. कॅप्टननं, त्याच तापवाल्या कॅप्टननं, आपला मफलर काढून ती पांढरी करवत झाकेल असा इनासच्या छातीवर पसरला. तसंच पुरलं.

नंतर एका शुक्रवारी मी स्वयंपाकघर आवरायला घेतलं. दारामागच्या खिळ्याला ते फडकं होतं. हात पुसायला ओढलं, तर त्याला बाह्या निघाल्या. मग कॉलर. पाठीवरचा आकडा कधीच उसवून गेलेला, नुसती दोऱ्याची भोकं. मरून रंग धुऊन धुऊन कांद्याच्या सालीसारखा झालेला. अंगात मावत नव्हती म्हणून तो ती खांद्यावर घ्यायचा... आणि मॅच नसली की त्याच्या खांद्यावर काहीच नसायचं, हे मला तेव्हा, ती हातात घेऊन उभा असताना आठवलं. खालच्या कडेला हळदीच्या अंगठ्याचा ठसा. तो माझा. एवढ्या वर्षांत त्यानं कधी टोकलं नाही. नुसतं वेगळं भिजत घालून धुवायचा, आणि मी म्हणायचो, फडक्याचे काय लाड चाललेत!

रजा काढून वसईला गेलो. वहिनींनी जर्सी मांडीवर घेतली, कॉलर सरळ केली आणि न विचारता उरलेली गोष्ट सांगितली. शेवटची काही मिनिटं राहिली असताना कोच इनासला म्हणाला, ऊठ. हा उठून रेषेवर उभा राहिला. बॉल बाहेर गेला की आत जायचं. बॉल बाहेर जाईचना. शिट्टी झाली. संघ जिंकला होता, बाकावरचे सगळे ओरडत आत धावले, आणि हा तिथंच. "रेफ्रीला विचारलं म्हणे त्यांनी, आता आत येऊ का म्हणून," वहिनी म्हणाल्या. जर्सी मग कुणी परत मागितली नाही.

बोलताना त्यांचा अंगठा त्या हळदीच्या डागावरून फिरत होता. मी घरून पाठ करून आणलेली माफी सुरू केली. "वहिनी, मी त्याच्या शेजारीच असायचो हो, पण..."

त्यांनी उठून जर्सी स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला अडकवली, बाही नीट केली, आणि माझं ताट वाढायला घेतलं.

"दर शुक्रवारी शेजारी बसत होतात ना, भावजी? मग बघत काय होतात, बोंबील?"