बारावा शिक्का

जळबा खिल्लारे माझा पहिलीपासूनचा बाकमित्र. आमच्या सेनगावकडच्या शाळेत बाक नव्हते, पोती होती, म्हणून पोतंमित्र म्हणा हवं तर. चौथीनंतर मी शेती धरली आणि तो शिकत शिकत पोस्टात लागला. हिंगोलीत त्यानं एकतीस वर्षं पत्रं वाटली, एकाच सायकलवर. काळी, बावीस इंची. पेन्शनपुऱ्यात एक आंधळी म्हातारी होती, ती म्हणे साखळीच्या आवाजावरून ओळखायची, "जळबा आला, पर आज माझं काही न्हाई." तिचं पत्र असलं की हा घंटी वाजवायचा, नसलं की नाही. म्हातारीला कुणी सांगितलं नव्हतं, तिनं आपलं आपण ताडलं होतं.

त्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाताच येत नाही. एकदा पत्र आलं. पत्ता काय? "हिंगोली, रिसाला बाजार, दारात म्हैस बांधलेली असते ते घर." बाकी काही नाही. जळबा गेला, तर अख्ख्या रिसाल्यात म्हैस नाही. सहा महिन्यांपूर्वी विकलेली. दुसरा असता तर पत्र परत धाडून मोकळा झाला असता. यानं दारोदार फिरून जमिनीत गाडलेला खुंटा शोधला आणि पत्र दिलं. मला म्हणाला, "उत्त्या, म्हैस जाती, खुंटा जाग्यावर ऱ्हातो. पोस्टमननं खुंटा बघावा."

असा हा माणूस. आणि हाच माणूस दोन वर्षांपूर्वी भर दुपारी मंगळवारा बाजारात सायकल धरून उभा राहिला आणि एका पानवाल्याला म्हणाला, "माझं घर कुठल्या अंगाला हाय, सांगता का?" पानवाल्यानं मला फोन लावला. मी जाऊन आणलं. घराच्या दारात आल्यावर हसून म्हणाला, "मज्जा केली त्याची." मीही हसलो. महिन्याभरानं तीच मज्जा पुन्हा झाली, रेल्वे स्टेशनावर. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

त्याचा एकुलता एक पोरगा विजयकुमार पुण्याला असतो, चौथ्या मजल्यावर. त्याची आई पद्मावहिनी वारल्यापासून जळबा हिंगोलीत एकटाच. विजयकुमार आला, म्हणाला, "बाबा, बास झालं. घराला कुलूप लावू आणि चला." पोरगं वाईट नाही हो. रात्रीची झोप उडालेलं पोरगं आहे. पण जळबाला चौथा मजला म्हटलं की घाम फुटायचा. "तिथं सायकल कुठं लावू?" एवढंच त्याचं उत्तर.

त्याच आठवड्यात गावातल्या सायकलवाल्या पोरापोरींनी स्पर्धा जाहीर केली. पत्ता शोधायची स्पर्धा. सकाळी आठला रामलीला मैदानावर प्रत्येकाला एक कार्ड मिळणार. कार्डावर शहरातली आणि शहराच्या कडेची बारा ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी एक जण शिक्का घेऊन बसलेला. बाराही शिक्के घेऊन दोनच्या आत परत यायचं. मोबाईल पिशवीत सील करून ठेवायचा, कागदाचा नकाशा मिळेल. आणि दोघादोघांची जोडी हवी.

जळबानं तो कागद पोराच्या पुढं ठेवला. "विजू, मी ह्याच्यात उतरतो. बारा पत्ते सापडले तर मला हितंच राहू दे. न्हाई सापडले तर तू म्हणशील त्या मजल्यावर येतो."

विजयकुमारनं तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाला, "कुणाला विचारायचं नाही."

"पोस्टमन इचारत नसतो."

"जोडीला कोण?"

"हा की, उत्त्या. आजून पाय हालतेत त्याचे."

विजयकुमार माझ्याकडं वळला. "काका, तुम्ही वाट सांगायची नाही. बोटानंसुद्धा नाही. आईची शपथ घ्या." मी घेतली. चहा पीत पीत घेतली. मला काय माहीत!

स्पर्धेच्या दिवशी श्रावणातली झड लागलेली. तिसरा दिवस. पाऊस पडत नव्हता म्हणा, नुसता लोंबत होता. मैदानावर पंचवीसेक जोड्या, सगळी पोरं, डोक्यावर कवटीसारख्या टोप्या, गुडघ्याएवढ्या चड्ड्या. आम्ही दोघं चौऱ्याहत्तरीचे. जळबानं ट्रंकेतून खाकी रेनकोट काढला होता, पोस्टाचा. एक पोरगं म्हणालं, "आजोबा, ब्रेक हायेत का?"

जळबा म्हणाला, "ब्रेक लागत न्हाईत बापू. कुत्रं आडवं आलं की सायकल आपोआप थांबती."

कार्डं वाटत होती ती पुनम, बँकेत कामाला असलेली हसरी पोरगी. तिला काळजी. "आजोबा, सहा तास पावसात जमल का तुमाला?"

"बाई, आमाला शिकवलं होतं, पत्र भिजलं न्हाई पायजे. आमच्या भिजण्याचं कुणी काही बोललंच न्हाई."

आणि मग त्यानं जे केलं ते बघायला तुम्ही हवे होता. पोरं नकाशा उलगडून, बोटं ठेवून, आधी जवळचं का आधी लांबचं यावरून भांडत होती. जळबानं नकाशा माझ्या पिशवीत कोंबला. कार्डावरचे बारा पत्ते एकदा वाचले आणि डोळे मिटून उजव्या हाताची बोटं हलवायला लागला, पत्ते पिसल्यासारखी. पोस्टात सकाळी पत्रं लावायचे तसं. कुठल्या दारामागं कुठलं दार, ते सगळं त्याच्या बोटांत होतं. डोळे उघडून म्हणाला, "चल. तोफखान्यापून सुरू."

काय सांगू तुम्हाला! दहा वाजेपर्यंत पाच शिक्के. तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा, दोन गल्ल्यांमधून मला असा बाहेर काढला की मी साठ वर्षं हिंगोलीत येतोय, मला ती बोळ माहीत नव्हती. वाटेत नकाशावाली पोरं दोनदा उलटी येताना दिसली. एका जोडीला जळबा ओरडून म्हणाला, "तिकडं कुठं? तिकडं तर माझ्या मेव्हण्याची सासुरवाडी हाय, तिथं शिक्का न्हाई, शिव्या मिळतेत!" पोरं हसत हसत पडता पडता राहिली. मी मागं मागं, चिखलानं पाठ भरलेली, आणि मला वाटत होतं की विजयकुमारनं हे बघायला पाहिजे होतं. ह्याला म्हणतात विसरणारा माणूस?

साडेबाराला अकरा शिक्के झाले. त्याचं कार्ड भिजू नये म्हणून मी माझ्याजवळच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं, माझ्या कार्डाबरोबर. राहिला एक. शेवंती विहार, गल्ली चार, निळी टाकी.

शेवंती विहार बायपासच्या पलीकडं. जळबा रिटायर झाला तेव्हा तिथं तूर होती. आणि मला हसू फुटलं, कारण माझ्या लेकाचं घर त्याच वसाहतीत, गल्ली दोनमध्ये, आणि शेती सोडल्यापासून मीही तिथंच राहतो. निळ्या टाकीखालून मी रोज दूध आणायला जातो.

बायपास ओलांडून आत शिरलो. एकसारखी घरं, एकसारखी फाटकं, सिमेंटचा रस्ता. जळबाचा वेग कमी झाला. मी नकाशा काढून त्याच्या पुढं धरला, तेवढं शपथेत बसतं असं मला वाटलं. पण नकाशाचा लगदा झाला होता. त्यानं तो पिळला आणि टाकून दिला.

"उत्त्या, हितं निर्मलाबाईचं रान होतं. मनीऑर्डर यायची तिची, भावाची. इहिरीजवळ उभी ऱ्हायची. पाणी पाजल्याबिगर जाऊ द्यायची न्हाई."

"व्हय का?" मी म्हणालो.

तो एका गल्लीत वळला. ती सहावी होती. बाहेर आला, दुसरीत वळला. ती माझीच. माझी सून वरून बघत होती, मी तिला हातानं गप्प राहा म्हटलं. मग तो चौथीत शिरला आणि माझा जीव भांड्यात पडला. समोर निळी टाकी. टाकीशेजारच्या अर्धवट बांधलेल्या घराच्या ओट्यावर शिला मॅडम बसलेल्या, शाळेवरच्या, मांडीवर शिक्क्याचा डबा. आम्हाला बघून त्यांनी हात वर केला.

जळबानं त्यांच्याकडं बघितलं. हसला. आणि न थांबता, पायडल मारत, म्हणाला, "आज काही न्हाई ताई तुमचं!"

आणि निघून गेला.

मला आधी हसूच आलं, देवाशपथ. वाटलं, चेष्टा करतोय. मी कोपऱ्यापर्यंत त्याच्या मागं गेलो. तो वळला, थांबला, पाय जमिनीला टेकवला, आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "उत्त्या, हितं निर्मलाबाईचं रान होतं. मनीऑर्डर यायची तिची, भावाची."

तेच शब्द. त्याच क्रमानं. पाणी पाजल्याबिगर जाऊ द्यायची न्हाई, तिथंपर्यंत.

दुसऱ्या फेरीला तो पुन्हा टाकीखालून गेला. आता त्यानं शिला मॅडमकडं बघितलंही नाही, खाली बघत होता. जमिनीकडं. मला कळलं, तो खुंटा शोधत होता. त्या सिमेंटच्या रस्त्यावर निर्मलाबाईची विहीर कुठं बुजवली त्याची खूण शोधत होता. ती सापडली असती तर तिथून त्याला सगळं सापडलं असतं, एवढं मला आजही वाटतं. पण तिथं कुणी खूण ठेवलीच नव्हती.

मी दोनदा खोकलो. घंटी वाजवली. तो वळून म्हणाला, "उत्त्या, शपथ हाय तुझ्यावर." तेवढं मात्र त्याला बराबर आठवत होतं!

सव्वा वाजला. पाऊस जोरात आला. तो गल्ली सहाच्या तोंडाशी उभा होता, रेनकोटाच्या बाहीनं तोंड पुसत. मी म्हणालो, "जळब्या, लघवीला जाऊन येतो," आणि गल्ली चारमध्ये गेलो. शिला मॅडमना दोन कार्डं दिली. त्या म्हणाल्या, "दुसरे आजोबा कुठं?" मी म्हणालो, "ते काय, कोपऱ्यावर." खोटं नव्हतं. त्यांनी दोन्हींवर शिक्का मारला.

परत येऊन मी म्हणालो, "चल, झालं."

"काय झालं?"

"येळ झाला."

तो मुकाट्यानं मागं आला. वाटेत चौकात मला पुढं जाऊ देई. सकाळी मी त्याच्या मागं होतो, आता तो माझ्या मागं. मी वळून वळून बघत होतो, आहे का म्हणून.

पावणेदोनला मैदानावर पोचलो. विजयकुमार छत्री घेऊन उभा. पुनमनं कार्डं घेतली, मोजली आणि टाळ्या वाजवल्या. "बारा! आजोबा, बारा! पहिल्या दहात हायेत तुमी!" सकाळचं ते ब्रेकवालं पोरगंही टाळ्या वाजवायला लागलं. विजयकुमारचं तोंड असं उजळलं, मी त्याच्या लग्नातसुद्धा तसं बघितलं नव्हतं. त्यानं छत्री बापाच्या डोक्यावर धरली. "बाबा, जिंकलात तुम्ही. राहा इथंच. नाही नेत."

जळबानं कार्ड हातात घेतलं. एकतीस वर्षं शिक्के बघितलेला माणूस. एक एक शिक्का बघत गेला. शेवटच्यावर थांबला.

"हा मी घेतला न्हाई."

टाळ्या थांबल्या. विजयकुमार माझ्याकडं बघत होता. आणि मी, तोंडाचा हलका, आयुष्यभर बडबड करत आलेला माणूस, माझ्या तोंडून गेलं, "घेतलास की रे. त्या बाईंनी मारला न्हाई का टाकीखाली? विसरलास तू."

बोललो आणि मला कळलं मी काय बोललो.

जळबानं माझ्याकडं बघितलं. चिडला असता तर बरं झालं असतं. नुसतं बघितलं. मग कार्ड पुन्हा वाचलं, तोंडातल्या तोंडात, शेवंती विहार, गल्ली चार, निळी टाकी. "इसरलो?" म्हणाला. "आत्ताच? ह्याच पावसात?"

विजयकुमारच्या हातातली छत्री हळूच बाजूला झाली.

तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. पण खरं काय सांगणार? की तुला पत्ता सापडला नाही, तू त्या बाईला पत्र नाही म्हणालास, एकच गोष्ट दोनदा सांगितलीस? खरं सांगितलं तरी पुणं, खोटं सांगितलं तरी पुणं. मी बुटातलं पाणी काढत बसलो.

"विजू," जळबा म्हणाला, "कधी निघायचं?"

आठव्या दिवशी गेले. सायकल माझ्या ओट्यावर ठेवली. पहिले काही महिने फोन यायचा. त्याला विचारलं, "कसं हाय तिकडं?" तर म्हणाला, "सोपं हाय. ए विंग, चारशे दोन. खाली गेलो तर वाचमन वर आणून सोडतो. चुकायला जागाच न्हाई." आणि फोन ठेवायच्या आधी न चुकता विचारायचा, "उत्त्या, त्यो शिक्का मीच घेतला होता ना रे?" मी म्हणायचो, "तूच." तो म्हणायचा, "मला का आठवंना मग?" दर फोनला हेच. त्या एका शिक्क्यानं त्याची झोप गेलेली. त्याचं डोकं त्या दिवशी निदान त्या एका बाबतीत बराबर होतं, आणि मी ते त्याच्यापासून हिसकावून घेतलं होतं.

शेवटी यंदाच्या श्रावणात मन घट्ट केलं आणि मीच फोन लावला. म्हणालो, "जळब्या, ऐक. त्यो बारावा शिक्का तू घेतला न्हाईस. मी चोरून मारून आणला. तुझं बराबर होतं. मी खोटं बोललो."

पलीकडं टीव्हीचा आवाज.

मग म्हणाला, "कशाचा शिक्का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कोण बोलून राहिलं?" त्यानं विचारलं. आणि मी नाव सांगायच्या आधीच, एकदम मोकळ्या आवाजात, जुन्या आवाजात, म्हणाला, "आज काही न्हाई तुमचं."