सपाट चमचा

पहाटे पावणेचारला वंगणमामाचा दिवस सुरू व्हायचा. गजर लावावा लागत नसे. तीस वर्षांत शरीरालाच ती वेळ पाठ झाली होती. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात सहाला यंत्रं सुरू होत, आणि फिरत्या यंत्राला वंगण घालायचं म्हणजे बोटं गमवायची तयारी ठेवायची. म्हणून ग्रीसगन ज्याच्या हातात, तो पाचला हजर. एकशे बारा बेअरिंगं. प्रत्येकाला ठरलेले दाब, प्रत्येक यंत्राच्या कार्डावर तारीख आणि सही. खरं नाव पगाराच्या पावतीवर तेवढं असे. बाकी सगळ्यांना तो वंगणमामा.

ढब्बू त्याच्याबरोबरच उठायचा. तपकिरी, रुंद पाठीचा, एक कान कायम पडलेला कुत्रा. तिसऱ्या मजल्यावरून खाली फाटकापर्यंत मामाला पोचवायचं, मामा कोपऱ्यावर वळला की एकट्याने परत वर यायचं, हे त्याचं काम. मामी दार उघडं ठेवून उभी असे. नऊ वर्षं यात खंड पडला नाही. दहाव्या वर्षी एके दिवशी ढब्बू वर आलाच नाही. मामी चप्पल न घालता खाली धावली. तो सातव्या पायरीवर बसला होता, मागचे पाय दोन बाजूंना पसरलेले, आणि तिच्याकडे बघण्याऐवजी भिंतीकडे बघत होता.

एकूण पायऱ्या बेचाळीस. दगडी, पायांनी घासून गुळगुळीत झालेल्या. लिफ्ट नाही.

त्या दिवसापासून मामा त्याला उचलून वर नेऊ लागला. पंधरा दिवसांत मामाची कंबर धरली. कारखान्याच्या डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली आणि मामाने ती मनाई खिशात घालून ठेवली.

"कुत्रा तरी धरा नाहीतर कंबर तरी," मामी म्हणाली. "दोघांची शेक-मालीश माझ्याच्याने होणार नाही."

त्यात मेहुणा आला. मामीचा धाकटा भाऊ, शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याचं गोदाम होतं. माणूस मनाचा चांगला. "दाजी, माझ्याकडे सोडा त्याला. सगळं एका पातळीवर. मोकळं अंगण, दोन रखवालदार, खायला-प्यायला बघतील. म्हातारपण सुखात जाईल त्याचं."

त्याच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मामी आत गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली.

गुरांच्या आणि कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने मामाच्या लेकीएवढ्या. बोलणं मात्र मुकादमासारखं.

"वजन किती?"

"असेल अंदाजे पंचवीस."

"अंदाज नको. काट्यावर चढवा."

एकतीस भरलं. मामाने मामीकडे बघितलं. मामीने छताकडे.

हाडांचा फोटो काढला. बाईंनी तो उजेडापुढे धरून दाखवला. मागच्या दोन्ही खुब्यांचे सांधे झिजले होते, हाडांच्या टोकांवरची गादी पातळ झाली होती.

"म्हणजे बुश गेलं," मामा म्हणाला.

"गेलं नाही, झिजलंय. आधी वजन उतरवा, पाच किलो तरी. रोज थोडं, सपाट जागेवर चालवा. पायऱ्यांवर पोटाखालून टॉवेल घेऊन आधार द्या, उचलू नका. आणि ही भुकटी. सांध्यांना आधार म्हणून द्यायची. हे औषध नाही, जादू तर नाहीच. काही कुत्र्यांना फरक पडतो, काहींना पडत नाही. पडलाच तर दिसायला सहा आठवडे लागतील. रोज जेवणात एक सपाट चमचा. घरातली माणसांची गोळी चुकूनही द्यायची नाही. दुखणं वाढलं तर माझ्याकडे या."

बाहेर आल्यावर मामीने निकाल दिला. "सहा आठवडे. तोवर तो स्वतःच्या पायांनी वर आला तर राहील. नाही आला तर भावाला गाडी घेऊन बोलावते. तुम्हाला अंथरुणावर बघायची माझी तयारी नाही."

मामाने मान हलवली. मनात मात्र वेगळंच चाललं होतं. कोरड्या पडलेल्या बेअरिंगला पहिल्या खेपेला दुप्पट दाब देतात, जुनी घाण बाहेर पडेपर्यंत. मग ठरलेल्या मापावर येतात. हे त्याने कारखान्यातल्या निम्म्या माणसांना शिकवलं होतं. ढब्बूचे सांधे कोरडेच होते. सहा आठवडे कशाला, तीनात काम होईल. चमचा सपाट करायच्या भानगडीत तो पडला नाही. शीग लावून दोन चमचे, रोज, मामी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली की.

चौथ्या दिवशी ढब्बूचं पोट बिघडलं. पाचव्या दिवशी त्याने दुसऱ्या मजल्याच्या दारासमोर ओकारी काढली. मामी बादली घेऊन जिने पुसत होती आणि मामा वरून सांगत होता, "बिस्किटं. दुसरं काही नाही. किती वेळा सांगितलं, तुझी बिस्किटं बंद कर."

मामी गप्प राहिली. तिच्या गप्प राहण्यामुळे मामाला स्वतःचंच खरं वाटायला लागलं.

सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी भुकटीचा डबा मागितला. झाकण उघडलं, आत बघितलं.

"महिन्याचा डबा. आज निम्मा कसा?"

खोलीत पंखा फिरत होता. ढब्बू टेबलाखाली आडवा होता.

"मीच," मामा म्हणाला. "दोन घालत होतो. भरून."

"का?"

त्याने बेअरिंगचं सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हसल्या नाहीत.

"आणि बंद, सील केलेल्या बेअरिंगमध्ये जास्त ग्रीस भरलं तर?"

मामाला याचं उत्तर झोपेतही देता आलं असतं. ते देताना मात्र त्याची नजर टेबलाखालच्या ढब्बूवर गेली. "तापतं. सील फुटतं."

"हं. चार दिवस भुकटी बंद. मऊ खाणं, भरपूर पाणी. मग आठवडाभर अर्धा चमचा, मग एक. सहा आठवडे तिथून मोजायचे."

रस्त्याने मामी दोन पावलं पुढे चालत होती. मामा वाट बघत होता की कधी एकदा तोफ सुटते.

"माझ्या बिस्किटांना पार फासावर चढवलंत," ती शेवटी म्हणाली.

"चुकलं."

थोडं चालून झालं. मग ती मागे न वळता म्हणाली, "पण देत होते मी. दिवसाला दोन."

"दोन?"

"चार."

मामाची पावलं थांबली.

"बरं, सहा. आता बंद. आणि भावाला मुदत वाढल्याचं सांगायला फोन तुम्ही करा. माझी चूक नाही ती."

मामाने फोन केला. मेहुण्याला खरं काय ते सगळं सांगितलं. मेहुणा पोट धरून हसला आणि म्हणाला, दाजी, मी कुठे पळून चाललोय.

मग मामाने ढब्बूचं कार्ड बनवलं. कारखान्यातल्यासारखंच, जाड पुठ्ठ्याचं, वर भोक पाडून दोरी. तारीख, वजन, चमचा, आणि न थांबता चढलेल्या पायऱ्या. चमचा सपाट करायला जुनी पट्टी घासून ठेवली. मामी बघत असल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा नियम मामानेच केला. सही दोघांची.

पहिल्या आठवड्याला सहा पायऱ्या. दुसऱ्या आठवड्यालाही सहा. तिसऱ्याला पाच.

"सहा लिहा," मामी म्हणाली. "एका पायरीने काय होतंय?"

"पाच चढला तो."

त्याने पाच लिहिलं. त्या दिवशी मामा जेवला नाही नीट. गोदामातलं अंगण खरंच मोठं आहे, असं एकदा स्वतःशीच बोलला आणि मामीने ते ऐकलं नाही असं दाखवलं.

चौथ्या आठवड्याला वजन एकोणतीसवर आलं आणि पायऱ्या नऊ झाल्या. दहावीला पुन्हा बैठक. मामाने टॉवेल बाजूला ठेवला आणि ढब्बूच्या खुब्यावर हात ठेवला, जसा तो चालू यंत्राच्या अंगावर ठेवायचा. कान आणि तळहात, दोन्ही लावून. ढब्बूला पुन्हा चढायला लावलं. सांधा आता तितका अडखळत नव्हता. पाऊल टेकलं की नखं दगडावरून सर्रकन मागे जात होती. एकदा घसरलं की कुत्रा पुढचं पाऊलच टाकत नव्हता. दुखत होतं त्यापेक्षा तो भीत जास्त होता.

"अगं, हा जिना वाईट आहे," मामाने खालून हाक दिली.

"तीस वर्षांनी कळलं," वरून उत्तर आलं.

कारखान्यात खोकी वाहून नेणारे रबरी पट्टे झिजले की भंगारात जात. झिजलेला पट्टाही माणसाच्या चपलेच्या तळव्याहून जाड असतो. स्टोअरकीपर म्हणाला, "मामा, घेऊन जा ना गुंडाळून, कोण विचारतंय?" मामा म्हणाला, "मी विचारतोय. वजन कर, पावती फाड." त्या महिन्यात रविवारी यंत्रं बंद ठेवून सफाई चालली होती. काम गलिच्छ, तेलाच्या टाकीत उतरून गाळ काढायचा. जास्त मजुरी मिळे, तरी कोणी पुढे येत नसे. पट्ट्याच्या पैशांसाठी मामाने दोन रविवारांना नाव दिलं. टाकीत वाकायचं नाही, बादल्या फक्त वरून ओढायच्या, अशी अट मामीने घातली. ती त्याने पाळली.

पट्ट्या त्याने घरीच कापल्या. बेचाळीस. प्रत्येकीची कड पॉलिश पेपरने घासली, दगड सोड्याने धुतला, सुकू दिला, मग चिकटवलं आणि वर वीट ठेवली. एका संध्याकाळी सहाच पायऱ्या व्हायच्या. घाई केली तर कोपरे उचलतात. पहिल्या मजल्यावरच्या आजीबाई दारात खुर्ची टाकून बघत बसायच्या.

"कुत्र्यासाठी एवढं?"

"हो."

"बरं झालं. माणसांसाठी कोणी केलं नसतं." मग पाय ठेवून बघितला आणि कठडा न धरता दोन पायऱ्या उतरल्या.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी मेहुणा गाडी घेऊन आला. बोलावलं नव्हतं, तारीख त्याच्या लक्षात होती. मागच्या सीटवर त्याने जुनी गादीही अंथरली होती. मामा, मेहुणा आणि ढब्बू फाटकाशी उभे. मामी वर दारात. ढब्बूला कोणी हाक मारायची नाही, असं ठरलं.

तो निघाला, दोघं त्याच्या मागोमाग. नऊ, दहा, अकरा. चौदाव्या पायरीवर पहिला मजला आला, तिथे तो बसला. मामाचा हात टॉवेलकडे गेला आणि थांबला. आजीबाईंनी दार किलकिलं केलं. ढब्बूने त्यांच्याकडे बघितलं, उठला, मागचा पाय एकदा झटकला आणि चालायला लागला. दुसऱ्या मजल्यावर पुन्हा बसला, यावेळी जास्त वेळ. मेहुणा कुजबुजला, "दाजी, धरू का?"

"नको."

बेचाळिसाव्या पायरीवर मामी खाली बसली होती. तिने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

मेहुणा चहा पिऊन, गादी तशीच घेऊन परत गेला. मामा कार्ड घेऊन बसला. आकडा लिहिला: बेचाळीस, दोनदा थांबून. वजन सत्तावीस. पण त्याचं समाधान होईना. भुकटी, वजन, पट्ट्या. तीन नट एकदम फिरवले की खडखड कशाने थांबली ते कळत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, नक्की मलाही सांगता येणार नाही.

"महिनाभर भुकटी बंद करून बघू," मामा मामीला म्हणाला. "म्हणजे कळेल."

"कळून कोणाचं भलं होणार आहे?" मामी म्हणाली. "त्याचा मागचा पाय आधी उठताना थरथरायचा. आता नाही थरथरत. कार्डावर त्याचा रकाना नाही म्हणून तुम्हाला दिसलं नाही."

मामाने ढब्बूकडे बघितलं. तो उठला, पाणी प्यायला, परत येऊन बसला. पाय थरथरला नाही.

पुढच्या रविवारी सफाईचा शेवटचा दिवस होता. मामा गेला, दिवसभर बादल्या ओढल्या. मजुरी हातात पडल्यावर, अंगाला तेलाचा वास येत असतानाच, सरळ डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेला आणि भुकटीचा पुढच्या महिन्याचा डबा घेऊन आला.