पाणी आहे का आणि घ्यावं का

चिपळूणला उतरलो तेव्हा आमचं नवराबायकोचं भांडण ऐन रंगात आलं होतं. मी पुण्यात पदार्थविज्ञान शिकवते, तो तत्त्वज्ञान. "तुमचं शास्त्र फक्त 'आहे का' एवढंच सांगतं," तो म्हणाला. "तुमचं तर तेही सांगत नाही!" मी म्हटलं. रिक्षावाला आरशात बघून हसला.

अलोऱ्याच्या पुढे, सड्यावरच्या (जांभ्या दगडाचा उघडा माळ) वाडीत थोरल्या जाऊबाई एकट्या राहतात. फोनवर म्हणाल्या होत्या, "येतेयस ते बरं. देवळात कौल लावायचाय." मला वाटलं, छप्पर दुरुस्त करायचंय! पोचल्या पोचल्या मी शिडी कुठाय विचारलं. जाऊबाई पोट धरून हसल्या. "अगो बाय, ते कौल न्हाय! देवाचा कौल!" (मूर्तीला फुलं चिकटवून प्रश्न विचारतात. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.)

हसू ओसरलं तशी खरी गोष्ट कळली. विहीर आटली होती. लोट्याला कंपनीत असलेला त्यांचा मुलगा हटून बसला होता, पाणी नसेल तर घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे ये. जाऊबाईंना घर सोडायचं नव्हतं. सर्वेक्षणवाल्याच्या यंत्रानं पाणी दाखवलं होतं, पण देवराईत (देवाच्या नावानं राखलेलं रान). तिथे बोअर मारायची तर झाडं तोडावी लागणार होती.

कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी खाऊन देवळात गेलो. "यंत्रानं सांगितलंय ना पाणी आहे, मग देवाला काय विचारायचं?" मी ठणकावलं.

"पाणी हायच," जाऊबाई म्हणाल्या. "घ्यावं काय, ते विचारायचंय."

नवरा इतका खूश झाला की मला रागच आला. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं आणि डावं फूल पडलं. "म्हंजे आता कुलूपच," जाऊबाई म्हणाल्या.

मी तिथूनच सर्वेक्षणवाल्याला फोन लावला. "हेच पाणी राईबाहेर कुठे लागेल?"

"तुमच्या परसात लागेल, पण खोल जावं लागेल. हे कुणी विचारलंच नव्हतं!"

प्रश्न बदलला की पुन्हा कौल लावता येतो, गुरव म्हणाले. या वेळी उजवं पडलं. मी, देवाला न मानणारी बाई, चक्क टाळ्या पिटल्या.

निघायच्या दिवशीच बोअरची गाडी आली. कुंभार्ली घाट चढताना मी नवऱ्याला सांगितलं, तुझ्या 'घ्यावं का'शिवाय आम्ही राई तोडली असती, आणि माझ्या 'कुठे'शिवाय घराला कुलूप लागलं असतं. त्यानं ते मुकाट्यानं मान्य केलं, हेही नवलच.

पाटणला फोन वाजला. पाणी लागलं होतं! मी ओरडले, "जाऊबाई, खरं सांगा, कोण जिंकलं? यंत्र की देव?"

"तुम्ही भांडा गो खुशाल," त्या रडत रडत हसत होत्या. "मी हयच ऱ्हाणार."